आमच्या जत्रेत जेवलेला संघ

चैत्र लागला की आमच्या गावात सगळ्यात आधी डंखाचा आवाज सुरू होतो. चटणी कुटायचं हे यंत्र एकदा सकाळी धडधडायला लागलं की दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. त्या गल्लीतून जाताना माणसं पदर, रुमाल, जे हाताशी असेल ते नाकाला लावतात आणि तरीही शिंकतात. भाजलेलं खोबरं, लसूण आणि लाल मिरची यांचा तो वास लहानपणापासून मला एकाच गोष्टीची वर्दी देत आलाय. जत्रा आली. गेली काही वर्षं मात्र त्या वासाबरोबर मला क्रिकेट आठवतं. असं वाक्य मी कधी लिहीन, हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. उन्हात उभंच राहायचं असेल तर माणसाने निदान भुईमुगाच्या शेंगा तरी काढाव्यात, असं माझं या खेळाबद्दलचं जुनं मत होतं.

यंदाही फोनवर त्या क्रिकेट लीगच्या जाहिराती यायला लागल्यात. संघ तेवढेच आहेत, त्यात आमचा नाही. आमच्या जागी जांभळ्या कपड्यांतला दुसऱ्याच शहराचा संघ उड्या मारताना दिसतो. कागदोपत्री म्हणे तो आमचाच. मालक बदलला, नाव बदललं, रंग बदलला, गाव बदललं. मग राहिलं काय, असं मी आमच्या ह्यांना विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "परवाना."

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना मिळून एक व्यावसायिक संघ मिळणार ही बातमी आली, तेव्हा पहिलं भांडण झालं ते मैदानावरून. साताऱ्याचे म्हणाले, सामने आमच्याकडे. सांगलीचे म्हणाले, मग संघही तुमच्याकडेच ठेवा. शेवटी निम्मे इकडे, निम्मे तिकडे, अशी वाटणी झाली. भावाभावांत मळा वाटतात तशी. त्यामुळे एका आठवड्यात कंदी पेढे खात सामना बघायचा आणि पुढच्या आठवड्यात भडंग खात, अशी चैन झाली. कृष्णा दोन्हीकडून वाहते म्हणून नाव ठरलं कृष्णाकाठ कोब्रा. हे नाव ज्याने ठेवलं तो नक्की गारेगार खोलीत बसलेला असणार. आमच्याकडे मळ्यात साप दिसला तर माणसं त्याचं नावसुद्धा घेत नाहीत, जनावर निघालं म्हणतात. इथं पोरं छातीवर फणा काढलेलं चित्र मिरवत मोटरसायकलवर फिरायला लागली. शिराळ्याकडचे लोक मात्र खूश होते. नागपंचमी त्यांची, म्हणजे संघही त्यांचाच, असं ते धरून चालले.

पहिल्या वर्षीचा थाट काय सांगावा! हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात मुक्काम, काळ्या काचांची बस, ढोल, फटाके. साताऱ्यात ज्या कचेरीत मी नोकरी करत होते तिथे पास आले होते आणि ते फुकट जाऊ नयेत एवढ्याच कारणाने मी गेले. संध्याकाळी मैदानावरचे दिवे लागले आणि हजारो माणसांच्या तोंडून एकदम "आ" निघाला. हिरवंगार गवत, वरून पांढरा उजेड, पलीकडे अजिंक्यताऱ्याची काळी रेघ. माझ्या शेजारी कोयनानगरहून आलेलं एक जोडपं बसलं होतं. बाई म्हणाली, "आमी धरणावर वीज करतो, पन एवडा उजेड आजच बगितला." खेळ मला कळला नाही. पण आपल्या गावांची नावं माईकवर कुणीतरी एवढ्या मोठ्याने घेतंय, हे कळलं आणि आवडलं.

या सगळ्याशी आमच्या घराचा संबंध आला तो तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझे थोरले दीर, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. परतल्यावर वर्षाच्या आतच आमच्या जाऊबाई गेल्या. त्यानंतर हा माणूस ओट्यावर ताठ बसून असायचा. बूट पॉलिश केलेले, मिशी कातरलेली, आणि जायचं कुठंच नाही. जेवायला हाक मारली तर यायचे, जेवून उठायचे, दिवसात मोजकी वाक्यं. कोब्रा संघाला खेळाडूंची ने-आण, खाणंपिणं, सरावाच्या वेळा सांभाळायला इथला एक शिस्तीचा माणूस हवा होता. तात्यांनी अर्ज केला आणि ते व्यवस्थापक झाले. ज्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घालून ते ओट्यावरून उतरले, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. आमच्या ह्यांनाही हे मी सांगितलं नव्हतं.

आणि बिरू. माण-आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातला, मेंढरांमागं चालत वाढलेला जलदगती गोलंदाज. गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत नाव काढलेला. पहिल्याच वर्षी लिलावात त्याला कोब्राने घेतलं. त्याची आई पुढे एकदा आमच्याकडे आली होती, तेव्हा तिने ती बातमी कशी कळली ते सांगितलं. "कुनीतरी म्हनलं, तुज्या पोराचा लिलाव झाला. मी छाती बडवून घेतली. म्हनलं, आमी बकऱ्याचा सौदा करतो तवा दात बगतो, पाय बगतो. माज्या लेकराचं काय बगितलं असंल रं त्यांनी?" बिरू शेजारी बसून हसत होता. ती माऊली मात्र ते सांगताना पुन्हा डोळे पुसत होती.

दुसऱ्या वर्षी हॉटेलाऐवजी लॉज आला. काळ्या काचांची बस गेली, साधी आली. जर्सीवर पहिल्यांदा पुढे-मागे कंपन्यांची मोठमोठी नावं होती, ती एकेक करून नाहीशी झाली आणि फणा तेवढा उरला. मालक बाहेरगावचे, बांधकामातले. माणूस वाईट नव्हता. सामना हरला तरी स्वतः येऊन खेळाडूंच्या पाठीवर हात ठेवायचा. पण त्याचा धंदाच मंदावला म्हणे. तिसऱ्या वर्षी दिव्यांचा खर्च झेपेना म्हणून सामने दुपारी ठेवले, चैत्राच्या उन्हात. बाहेरचे मोठे खेळाडू आणि प्रशिक्षक लॉजवर राहिले आणि इकडचे पाच-सहाजण लोकांच्या घरी ठेवायचं ठरलं. तात्यांनी हात वर केला. अशा रीतीने सगळी पोरं आमच्या गल्लीत आली आणि बिरू आमच्या माडीवर.

माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा लष्करी राजवट आली. तात्यांनी एक छोटा वजनकाटा आणला होता. भात तोलून, उकडलेली अंडी मोजून, तेलाची बाटली तर जवळजवळ पहाऱ्यात. रश्श्याला तर्री दिसली की तात्या मला विचारायचे, "हे काय?" जसं काही मी दारूगोळा लपवलाय. बिरू मुकाट खायचा. एकदा तात्या बाहेर गेल्यावर मी त्याला तूप-गूळ-भाकरी दिली, तर त्याने ती हात जोडून परत केली. "काकी, तात्यास्नी कळलं तर मला पळवत कोरेगावात न्हेतील." आणि मग दोघंही हसलो. खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत आमचं घर जितकं बोललं तितकं त्याआधी कितीतरी वर्षांत बोललं नव्हतं. तात्या जेवताना बिरूला कारगिलकडच्या थंडीच्या गोष्टी सांगायचे. मला त्या तेव्हाच पहिल्यांदा कळल्या.

बिरूसाठी ते वर्ष म्हणजे सगळं काही होतं. तिशी गाठलेली. वेगवान गोलंदाजाचं त्यापुढे फारसं काही उरत नाही, हे मलासुद्धा कळायला लागलं होतं. एकदा भांडी विसळायला मदत करत तो म्हणाला, "काकी, सेमीफायनल काढली की फायनल पुण्यात. तितं मोट्या संघाची मानसं बगाय येनार हायत. एकदा माजा चेंडू त्यांनी बगावा. मग न्हाई घेतलं तर न्हाई, मेंढरं हायतच की. पन बगावा तरी." मालकांचंही तसंच होतं. अंतिम फेरी गाठली तर एक कंपनी पैसे लावायला तयार होती आणि संघ इथंच राहणार होता. नाहीतर विकायचा. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि सेमीफायनल नेमकी आली आमच्या जत्रेतल्या तिखटाच्या दिवसानंतरच्या दुपारी.

तिखटाचा दिवस म्हणजे आदल्या दिवशी देवाला पुरणपोळी झाली की दुसऱ्या दिवशी गावभर मटण शिजतं, तो. प्रत्येक चुलीवर पातेलं, प्रत्येक दारात पाहुण्यांच्या चपलांचा ढीग. तात्यांनी सकाळीच पोरांना ओट्यासमोर रांगेत उभं केलं. "देवाला जायाचं, गुलाल लावायचा, आपल्या घरी दोन घास खायाचं, आनि चारला गाडीत. कळलं?" पोरं म्हणाली, व्हय तात्या. तात्यांनी प्रशिक्षकाला फोन करून फक्त देवदर्शनाची परवानगी घेतली होती. तो मुंबईचा. आमच्याकडे देवदर्शनाच्या पाठोपाठ काय येतं, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत.

आमच्या घरी पोरं खरंच बेताने जेवली. आधी वाटीभर अळणी रस्सा, मग थोडं सुकं मटण, अर्धी भाकरी. उठून हात धुतायत तेवढ्यात शेजारच्या शांताआत्या दारात. त्यांचं वय झालंय, पण आवाज डंखाच्या वरचा. "आवं तात्या, आमचं घर वाळीत टाकलंय व्हय?"

आता हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. जत्रेच्या पाहुण्याने एका उंबऱ्याला जेवून शेजारच्या उंबऱ्यावरून तसंच पुढं जाणं, म्हणजे त्या घराला सगळ्यांदेखत खाली बघायला लावणं. आमच्याच भावकीत दोन घरांचं बोलणं अशाच एका न जेवलेल्या पाहुण्यावरून बरीच वर्षं बंद होतं. मेजर साहेबाला नाही म्हणता येतं, डॉक्टरला म्हणता येतं, पण जत्रेत शेजारणीला म्हणता येत नाही. तात्या म्हणाले, "आत्या, उद्या सामना हाय, दोनच घास." आत्या म्हणाल्या, "मी कुटं बारा म्हनतीय?"

मग आत्यांच्या पलीकडचं घर. मग त्याच्या समोरचं. मी "तात्या, पुरे झालं हो" असं दोनदा म्हटलं, पण ढोलात कोण ऐकतंय. गुलालाने कपाळं माखलेली, कपडे चटणीच्या वासाने भरलेले, मागे गल्लीतली अर्धी माणसं, असा आमचा संघ उंबऱ्यामागून उंबरे ओलांडत निघाला. तिसऱ्या-चौथ्या घरात मी पाहिलं, तर तात्यांच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेलं हसू होतं. सुभेदार साहेब स्वतःच पोरांना म्हणत होते, "आरं घे की, म्हातारी एवडं म्हनतीय तर!" संघात विदर्भातून येऊन इथं स्थायिक झालेला एक यष्टिरक्षक होता. तिखटाची त्याला भीती नव्हती, पण तोही शेवटी भिंतीला टेकून बसला. "तात्या, आता जागाच नाही." तात्या म्हणाले, "एष्टीत चढताना म्हनतोस का जागा न्हाई? सरकून बस!"

बिरू कुठंच नाही म्हणाला नाही. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पानात टाकलंस तरी चालेल, मी बघून घेते. तो म्हणाला, "काकी, मेंढरं घेऊन फिरायचो तवा लोक बांधावर भाकरी आनून द्यायची. देनाऱ्याला न्हाई म्हनलं तर आय मारायची. आनि तेबी बांधावर. आज सगळी मला उंबऱ्याच्या आत बोलवाय लागल्यात." मी त्याला पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात मैदानावर ऊन मी म्हणत होतं. सगळी गल्ली दोन टेम्पोंतून आली होती. आमची पोरं पहिल्यापासूनच जड पडली होती. चेंडू पायाजवळून जायचा आणि माणूस नंतर वाकायचा. तरीही सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला आणि षटक बिरूकडे आलं. तो धावत आला, मध्येच थांबला आणि एका हाताने पोट धरून वाकला. सगळ्यांनी पाहिलं. शांताआत्यांनी तोंडाला पदर लावला. तात्या सीमारेषेजवळ उभे होते, ते दोन पावलं आत गेले आणि पंचाने हात केल्यावर मागे आले. बिरू पुन्हा मागे जाऊन धावत आला. पहिला चेंडू वाइड. मग एक जो बोटांतून सुटून थेट फलंदाजाच्या कमरेएवढा गेला आणि त्याच्या बॅटवरून प्रेक्षकांत. सामना तिथंच संपला. समोरच्या संघाचे ढोल वाजायला लागले आणि आमच्या बाजूला कुणी कुणाकडे बघेना.

पावसाळ्यात संघ विकला गेला. नव्या मालकाने मोजके खेळाडू नेले, त्यात बिरू नव्हता. मुरमाच्या रस्त्यांवर लावलेले मोठमोठे फ्लेक्स लोकांनी काढून नेले. कुणी कडब्याच्या गंजीवर टाकले, कुणी गोठ्यावर. हात उंचावून चेंडू टाकणारा बिरू कितीतरी दिवस आमच्या भावकीतल्या एका म्हशीला पावसापासून वाचवत होता. हिशोबाने पाहिलं तर संघ तसाही टिकला नसता. जाहिरातदार आधीच गेले होते, मालक खचला होता, एवढ्या लहान गावांच्या जिवावर एवढा खर्च निघत नाही, असं आमचे हे समजावतात आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या मनात प्रश्न वेगळाच येतो. त्या संघाला मालक होता, प्रशिक्षक होता, व्यवस्थापक होता. आम्ही त्याला नातेवाईक दिले. नातेवाइकांचा उपयोग कमी आणि घोळच जास्त असतो, हे ज्याला नातेवाईक आहेत त्याला सांगायला नको. तरीही आमची माया खोटी नव्हती आणि तिनेच त्या पोराचं नुकसान झालं, या दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवणं मला आजही जड जातं.

तात्यांनी तर त्या दोन्हींतली नुकसानाचीच धरली. ते पुन्हा ओट्यावर बसले. पुढच्या जत्रेत तिखटाच्या दिवशी त्यांनी उपवास धरला. कशाचा, ते सांगितलं नाही. पाहुण्यांना घरच्या कर्त्या माणसाने स्वतः वाढायचं अशी आमची रीत. पळी त्यांनी आमच्या ह्यांच्या हातात दिली आणि मागच्या दाराने निघून गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. बिरूला दरवेळी निरोप जायचा आणि तो यायचा नाही. रागावलाय, असं गल्लीने ठरवून टाकलं. रागावणारच, असंही लगेच म्हणायचे. तो आटपाडीकडे एका शाळेत मुलांना गोलंदाजी शिकवतो आणि उरलेल्या वेळात भावाबरोबर मेंढरं बघतो, एवढं ऐकून होतो.

यंदा निरोप धाडायचं कुणाला सुचलंही नाही आणि तो आला. तिखटाच्या दिवशी, भर दुपारी, मोटरसायकलवर, कानशिलावर थोडे पांढरे केस. माझ्या पाया पडला. तात्या ओट्यावरून उठले, तर त्यांच्याही पडला. तात्यांना मागच्या दाराने जायला वेळच मिळाला नाही.

आम्ही त्याला पानावर बसवलं. बातमी गल्लीभर गेली आणि बायका वाट्या, डबे घेऊन आल्या, पण सगळ्या दारातच उभ्या राहिल्या. आग्रह कुणी करेना. मी त्याला चमचाभर रस्सा वाढला. शांताआत्यांनी दोन फोडी वाढल्या, त्यासुद्धा भीत भीत, पानाच्या कडेला. बाहेर ढोल वाजत होता आणि आमच्या सोप्यात कुणी आजारी असावं तशी शांतता. बिरूने पानाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काय झालंय? सुतक हाय का घरात?"

तात्या खांबाला धरून उभे होते. ते म्हणाले, "बिरा, त्या दिवशी मी तुला..."

बिरूने भाकरी मोडत मान खाली घातली. "मला वाटलं तुमीच माज्यावर रुसलाय. एवडं खाऊ घातलं सगळ्यांनी आनि मला एक ओव्हर नीट टाकता आली न्हाई. तोंड दाखवायची लाज वाटायची." मग तो सावकाश म्हणाला, "पोटाला काय झालं नव्हतं, तात्या. पोट बरं व्हतं माजं. हात घाबरला व्हता."

सगळ्या गल्लीने त्याला त्या दिवशी उन्हात पोट धरून वाकलेलं पाहिलं होतं. तात्यांनी सगळ्यांत जवळून पाहिलं होतं.

"लबाड हायस," तात्या म्हणाले.

"असू द्या," बिरू म्हणाला आणि पान पुढे सरकवलं. "हात का आखडता घेतायसा? वाढा की."

तात्यांनी माझ्या हातातली पळी घेतली. मी पातेलं उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तळापासून ढवळून पळी भरून काढली आणि बिरूच्या पानात वाढली, आणि बिरू नको म्हणाला नाही म्हणून आणखी एक वाढली.